घरातलं पहिलं पोर कॉलेजला जातंय? बारावीपासून डिग्री हातात येईपर्यंत सोबत कशी करायची

"ताई, ॲडमिशन झाली, आता काय टेन्शन नाही" असा जूनमध्ये एका आईचा फोन येतो आणि गणेश चतुर्थी संपून कॉलेज परत सुरू झालं की कळतं पोरगा वेर्ण्याला कंपनीत लागला, कॉलेज सुटलं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता लिहूनच काढते. मी स्वतः घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि गेली बरीच वर्षं गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागातल्या ओळखीच्या घरांतल्या मुलांबरोबर फॉर्म भरायला, कचेरीत जायला, निकालाच्या दिवशी फोनवर बोलायला बसते. मला दिसतं ते असं की पोर हुशार नाही म्हणून सुटलं असं फार कमी वेळा होतं, सुटतं ते कागद वेळेवर नव्हता, स्कॉलरशिप अडकली, किंवा पहिल्या सेमिस्टरला काही कळेना आणि विचारायचं कुणाला हेच माहीत नव्हतं म्हणून. आणि आपण मदत करणारे सगळा जोर ॲडमिशनच्या आठवड्यात लावतो आणि नंतर गायब होतो.

हे मुलांसाठी कमी आणि सोबत करणाऱ्यांसाठी जास्त आहे, म्हणजे मोठी बहीण, मामा, शेजारचे काका, हायस्कूलचे सर, वाड्यावरचे पंच, जे कोण असाल ते. क्रम बदलू नका. क्रम बदलल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतात.

टप्पा १: सोबत कोण करणार ते आधी ठरवा

एकच माणूस ठरवा. पाच जण सल्ला देणारे असले की पोर पाचव्याचं ऐकतं, कारण तो शेवटचा बोललेला असतो. त्या एका माणसानं तीन वर्षं फोन उचलायचा आहे, एवढंच ठरवून घ्या, फार शिकलेला असायची गरज नाही.

दुसरं म्हणजे फॉर्म मुलाच्या हातानं भरायचा. तुम्ही बाजूला बसा, वाचून दाखवा, चुकलं तर थांबवा, पण कीबोर्डवर हात त्याचा. मी सुरुवातीला सगळं स्वतः भरून द्यायचे, पटकन व्हायचं म्हणून, आणि माझाच मोबाईल नंबर टाकायचे. एका मुलीचा स्कॉलरशिपचा ओटीपी माझ्या फोनवर आला तेव्हा मी दोन दिवस बाहेरगावी रेंज नसलेल्या ठिकाणी होते, तिनं कॉलेजमधून दहा वेळा फोन केला, शेवटची तारीख गेली. चूक पूर्ण माझी होती. त्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून बारावीतच हे करून ठेवा:

१. मुलाच्या स्वतःच्या वापरातला मोबाईल नंबर, तो आधारला जोडलेला, आणि तीन वर्षं बदलायचा नाही. रिचार्ज संपून सिम बंद पडू देऊ नका, बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला जातो.
२. स्वतःचा ईमेल. नाव साधं, पासवर्ड वहीत लिहिलेला.
३. एक वही. त्यात प्रत्येक पोर्टलचं लॉगिन, ॲप्लिकेशन नंबर, भरल्याची तारीख. मोबाईल हरवतो, वही घरी राहते.

सावधान: सायबर कॅफेवाल्याचा नंबर किंवा ईमेल कुठल्याही फॉर्मवर नको. तो चांगला माणूस असेल, पण पुढच्या वर्षी तुमचा पासवर्ड त्याच्याही लक्षात नसणार.

टप्पा २: कागद, आणि तेही निकालाच्या आधी

सगळ्यात जास्त मार इथे बसतो. निकाल लागला की सगळा गोवा एकाच वेळी मामलेदार कचेरीत जातो. बारावीची परीक्षा व्हायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत कागदांना हात घाला.

पहिलं काम नावाचं. दहावीचं मार्कशीट समोर ठेवा आणि आधार, जन्मदाखला, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला असेल तर तो, सगळं एका रांगेत लावून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. आपल्याकडे गावकर एका कागदावर एका तऱ्हेनं लिहितात आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनं, नाईकचंही तसंच, बापाचं नाव कधी पूर्ण असतं कधी नुसतं पहिलं अक्षर, कुठे आडनावच नाही तर कुठे गावाचं नाव आडनाव झालेलं. माणसाला कळतं एकच पोर आहे, कॉम्प्युटरला कळत नाही. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे ते मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. उलटं करायला जाऊ नका, बोर्डाच्या मार्कशीटवरचं नाव बदलणं आधार बदलण्यापेक्षा कितीतरी जड काम आहे.

मग दाखले:

१. उत्पन्नाचा दाखला, मामलेदार कचेरीतून. याची मुदत असते, त्यामुळे ज्या वर्षी अर्ज त्या वर्षीचाच लागतो. दोन वर्षांपूर्वी भावासाठी काढलेला चालत नाही.
२. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. हाही मामलेदाराकडून. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्या) घरांना पुरावे गोळा करायला वेळ लागतो, म्हणून आधी याच्याकडे बघा.
३. जातीचा दाखला, लागू असेल तर. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजाला गोव्यात २००३ सालापासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, पण दर्जा आहे म्हणून पोराच्या हातात दाखला आपोआप येत नाही, तो पोराच्या नावानं काढावा लागतो. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयरचा दाखला वेगळा, आणि तोही ताजा.
४. हायर सेकंडरीचं लिव्हिंग सर्टिफिकेट. हे निकालानंतर मिळेल. झेरॉक्स काढल्याशिवाय ते कुठेही द्यायचं नाही.

यातले बरेच अर्ज गोवा ऑनलाइन पोर्टलवरून करता येतात, तरी तलाठ्याचा रिपोर्ट वगैरे लागला की माणूस प्रत्यक्ष जाऊन विचारतो तेव्हाच फाईल पुढे सरकते असा माझा अनुभव आहे. मुलाला बरोबर न्या. कचेरीत खिडकीशी कसं उभं राहायचं, पावती मागून घ्यायची, साहेबांचं नाव आणि पुढची तारीख वहीत लिहायची, हे शिकणं म्हणजे अर्धं कॉलेजच आहे.

बँक खातं: हे लोक हमखास चुकवतात. खातं मुलाच्या एकट्याच्या नावावर पाहिजे, आईबरोबरचं जॉइंट नको. पोराचं शाळेतलं मायनर खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत जाऊन नव्यानं केवायसी करून ते मेजर करून घ्यावं लागतं, नाहीतर खात्यातले व्यवहार अडतात आणि तुम्हाला ते स्कॉलरशिपचे पैसे परत गेल्यावर कळतं. आणि खात्याला आधार लिंक असणं वेगळं, थेट सरकारी पैसे येण्यासाठी आधार सीडिंग असणं वेगळं. बँकेत स्पष्ट शब्दांत सांगा, "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे." दोन खाती असतील तर ज्या खात्याचं सीडिंग शेवटी झालं त्यात पैसे जातात. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह असं दिसलं की झालं.

तपासा: मार्चपर्यंत वहीत, निकालानंतरचं लिव्हिंग सर्टिफिकेट सोडून, या सगळ्यांसमोर बरोबरची खूण आहे का? नसेल तर टप्पा ४ कडे जाऊ नका, हेच पूर्ण करा.

टप्पा ३: घरात बसून बोलणं

हा टप्पा लोक गाळतात आणि चतुर्थीनंतर तोच उलटतो.

बारावी झालेल्या पोराला कुंडई, वेर्णा, पिळर्ण, कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लगेच काम मिळतं, टुरिस्ट सीझनला हॉटेलात मिळतं. बाप म्हणतो तीन वर्षं खर्च करायचा आणि मग काय मिळणार, आणि त्याचं चूक नसतं, त्याच्या डोळ्यासमोर दर महिन्याला येणारा पगार असतो आणि कॉलेजनंतरची नोकरी त्यानं कुणाच्याच घरात बघितलेली नसते. मायनिंग बंद पडल्यावर ज्या घरांत ट्रकचे हप्ते थकले त्या घरांना "शिक्षणात पैसे घाला" असं नुसतं सांगून भागत नाही.

म्हणून भाषण देऊ नका. कागद घ्या आणि पूर्ण वर्षाचा खर्च आई-बाबांसमोर लिहा: फी, कदंब बसचा विद्यार्थी पास, कॅन्टीन, झेरॉक्स, मोबाईलचा रिचार्ज, परीक्षा फी, एक-दोन जोड कपडे. शेजारी लिहा कुठून काय येऊ शकतं. मग विचारा, कुठला महिना जड जातो? बहुतेक घरांत जून आणि चतुर्थीचा महिना जड असतो. तेवढ्यासाठी आधीच सोय करून ठेवायची.

पार्टटाइम कामाबद्दल माझं मत: शनिवार-रविवार आणि मे महिन्यातलं काम चालेल, काजूच्या हंगामात घरच्या बागायतीत मदत तर करावीच लागते. पण रात्रपाळी आणि कॉलेज एकत्र नको. पोर म्हणतं जमेल. महिनाभर जमतं, मग सकाळचं पहिलं लेक्चर जातं, मग अटेंडन्स जाते.

मुलगी असेल तर अजून एक गोष्ट आईशी वेगळी बसून बोला. सकाळचं पाणी, धाकट्या भावंडांचं, संध्याकाळची भाकरी, हे सगळं पहिल्यासारखंच तिच्या अंगावर राहिलं तर ती बसमध्येच अभ्यास करणार. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा चतुर्थी-दिवाळीच्या पुढेमागे येते, म्हणजे घरात गणपतीची माटोळी, पाहुणे आणि फराळ असतो त्याच दिवसांत. कुठली दोन कामं तिच्या अंगावरून काढणार ते आईच्याच तोंडून ठरू दे. तुम्ही ठरवून दिलंत तर आठ दिवस टिकेल.

टप्पा ४: कोर्स आणि कॉलेज निवडणं

मैत्रीण कॉमर्सला गेली म्हणून ही पण गेली, हे बंद करायचं आहे.

आधी पोराला विचारा की बारावीत कुठला विषय समजायचा, मार्क कितीही असोत. मग विचारा तीन वर्षांनी काय करता आलं पाहिजे असं वाटतं. उत्तर "सरकारी नोकरी" असं येईल, बहुतेक सगळ्यांचं येतं, ठीक आहे, मग कुठल्या पदाला कुठली पात्रता लागते ती जाहिरात काढून बरोबर वाचा. बीए म्हणजे बिनकामाचं आणि बीएस्सी म्हणजे हुशारांचं असलं काही नसतं. न झेपणाऱ्या बीएस्सीपेक्षा मनापासून केलेलं बीए कितीतरी बरं.

पॉलिटेक्निक, आयटीआय, नर्सिंग, इंजिनिअरिंग, फार्मसी यांच्या वाटा आणि प्रवेश परीक्षा वेगळ्या आहेत आणि नियम वर्षा-वर्षाला बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या दादाचं ऐकू नका, तंत्रशिक्षण संचालनालयाचं त्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस डाउनलोड करून वाचा. प्रवेश परीक्षेचे फॉर्म बारावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी निघतात हे लक्षात असू दे.

कॉलेज निवडताना नाव बघू नका, बस बघा. पणजी-म्हापशाबाहेरच्या मुलांसाठी सांखळी, पेडणे, खांडोळा आणि केपे इथे सरकारी कॉलेजं आहेत, त्याशिवाय अनुदानित कॉलेजं बहुतेक तालुक्यांत आहेत. लोकांना वाटतं पणजीचं कॉलेज म्हणजे भारी. सत्तरीच्या आतल्या गावातून पणजीला रोज जाऊन-येऊन पोर संध्याकाळी घरी पोचतं तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं. तीन वर्षं रोज पोचता येईल ते कॉलेज चांगलं.

हे प्रत्यक्ष करून बघा: जूनच्या आधी एका साध्या वारी, सकाळच्या लेक्चरच्या वेळेला पोचेल अशा बसनं मुलाबरोबर कॉलेजपर्यंत जा. बस किती वेळ लागते, कुठे बदलावी लागते, आणि प्रॅक्टिकल संपून संध्याकाळी निघालं तर गावात जाणारी शेवटची बस किती वाजता आहे, हे वहीत लिहा. नेत्रावळीसारख्या आतल्या गावात शेवटची बस चुकली म्हणजे काय होतं ते तिथल्या माणसांना सांगायला नको. पावसात हीच फेरी अजून लांबते, तेही धरा.

टप्पा ५: ॲडमिशनचा फॉर्म

आता फॉर्म. गेली काही वर्षं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांच्या पहिल्या वर्षाची ॲडमिशन उच्च शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरून होते, कागदाची फाईल तयार असेल तर हे एका संध्याकाळचं काम आहे.

१. सूचना पूर्ण वाचा, मोठ्यानं, दोघांनी मिळून.
२. पसंतीक्रम आधी कागदावर लिहा, मग स्क्रीनवर भरा. एकच कॉलेज टाकून बसू नका.
३. मेजर आणि मायनर विषय नीट बघा. गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय आणि तो पुढे तीन-चार वर्षं सोबत राहतो, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय. काउंटरवर "कुठलाही द्या" म्हणू नका.
४. कॅटेगरी, उत्पन्न, जन्मतारीख दाखल्यावर आहे तशीच.
५. सबमिट करायच्या आधी प्रिव्ह्यूचा फोटो, सबमिट केल्यावर पावतीची पीडीएफ, आणि तिचं प्रिंट फाईलमध्ये.
६. यादी लागायची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये अलार्मसकट. यादीत नाव येऊनही फी न भरल्यामुळे सीट गेलेली मी बघितलीय, कारण घरी वाटलं होतं नाव आलं म्हणजे झालं.

सावधान: मार्कशीटसारखे ओरिजिनल कागद कॉलेजनं बघून परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, असा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे. कोणी ठेवून घ्यायला लागलं तर नम्रपणे विचारा आणि जे काही देताय त्याची लेखी पोच घ्या. आणि फी एकदम भरणं शक्य नसेल तर गप्प बसून शेवटची तारीख जाऊ देऊ नका, प्रिन्सिपलना भेटून हप्त्यांसाठी अर्ज द्या. विचारलं तर वाट निघते हे आपल्या घरांत कुणी सांगितलेलंच नसतं.

टप्पा ६: स्कॉलरशिप

ॲडमिशन झाली की त्याच आठवड्यात हे सुरू. कॉलेजच्या नोटीस बोर्डवर लागेल तेव्हा बघू असं नाही.

बऱ्याच योजनांचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर होतो. आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करायचं, त्यात आधार आणि चेहऱ्याची पडताळणी होते आणि जो नंबर मिळतो तो पूर्ण शिक्षणभर तोच, वहीत ठळक लिहा. मग योजना निवडायची. कुठली कुठे बघायची ते थोडक्यात सांगते:

अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मुलांसाठी पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप. जमातीच्या मुलांनी आदिवासी कल्याण खात्यात जाऊन गगन भरारी शिक्षा योजनेचंही विचारा. बाकीच्यांनी समाज कल्याण खात्यात.

कुठलीही जात असो, बारावीला आपल्या बोर्डात आपल्या शाखेत वरच्या २० टक्के मुलांमध्ये असाल आणि घरचं वर्षाचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर केंद्र सरकारची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप आहे, डिग्रीच्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये. दुसरी स्कॉलरशिप घेत असाल तर ही मिळत नाही, म्हणून दोन्ही भरण्यापेक्षा कुठली जास्त उपयोगाची ते आधी बघा.

इंजिनिअरिंग, फार्मसीसारखा महाग कोर्स असेल तर सावकाराकडे किंवा सोनं गहाण ठेवायला जायच्या आधी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. कर्ज आहे, फेडायचं आहे, हे पोरालाही समजावून सांगा.

अर्ज सबमिट केला म्हणजे संपलं असं समजू नका, सगळ्यात जास्त अर्ज मरतात ते इथेच. ऑनलाइन अर्ज आधी कॉलेजच्या नोडल ऑफिसरकडे जातो, त्यांनी तपासून पुढे पाठवला की मग खात्याकडे. काही चूक असेल तर तो "डिफेक्ट" म्हणून परत मुलाच्या लॉगिनला येतो आणि दुरुस्तीला थोडेच दिवस असतात. घरी कुणी उघडून बघितलंच नाही तर तो तिथेच पडून राहतो. दर सोमवारी लॉगिन करून स्टेटस बघायचं, नवीन काही नसलं तरी. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन "मॅडम, माझा अर्ज व्हेरिफाय झाला का" असं विचारायला पोर लाजतं, पहिल्यांदा तुम्ही बरोबर जा, दुसऱ्यांदा दारापर्यंत जा, तिसऱ्यांदा एकट्याला पाठवा.

तपासा: पैसे उशिरा येतात, कधी वर्ष संपताना. त्यामुळे स्कॉलरशिपच्या भरवशावर पहिली फी ठरवू नका, टप्पा ३ मधल्या कागदावर ती शेवटच्या ओळीत लिहा.

टप्पा ७: पहिले सहा आठवडे

इथून पुढे बहुतेक सोबत करणारे सोडून जातात, आणि खरं काम इथेच सुरू होतं.

आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात, हायस्कूलमध्ये इंग्रजी आलं तरी सर मराठीत-कोंकणीत समजावून द्यायचे. कॉलेजला गेल्यावर लेक्चर सलग इंग्रजीत, नोट्स कुणी लिहून देत नाही, आणि बाजूचे पोर फटाफट बोलतात. पोराला वाटतं आपणच एकटे मठ्ठ. घरी विचारलं तर "बरं चाललंय" म्हणतं, कारण आई-बाबांना सांगून त्यांना काय कळणार असं त्याला वाटतं. माझंही तसंच होतं. पहिले दोन महिने मी "क्रेडिट" म्हणजे काय हे कुणाला विचारलं नाही, विचारलं तर हसतील म्हणून.

म्हणून पहिल्याच आठवड्यात हे शब्द बसून समजावून द्या. क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाचं वजन, तीन वर्षांच्या डिग्रीला कमीत कमी १२० लागतात. आयएसए म्हणजे सेमिस्टर चालू असतानाच्या छोट्या परीक्षा, असाइनमेंट, प्रेझेंटेशन, त्याचे मार्क शेवटच्या निकालात धरतात, त्यामुळे "ही काय मोठी परीक्षा नाही" म्हणून बुडवायची नाही. अटेंडन्स ७५ टक्के. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी डिजिलॉकरवरून काढायचा, त्यात क्रेडिट जमा होतात.

मग करायचं काय, ते असं.

पहिल्या आठवड्यात पोरानं स्वतः जाऊन तीन माणसं ओळखून यायची: आपला मेंटर शिक्षक, ऑफिसातली स्कॉलरशिप बघणारी व्यक्ती आणि लायब्ररियन. नावं वहीत. लायब्ररीतून पहिल्याच आठवड्यात एक तरी पुस्तक घरी आलं पाहिजे.

लेक्चरच्या आदल्या रात्री धड्याची दोन पानं नुसती वाचायची, समजलं नाही तरी चालेल, अडलेले दहा शब्द काढून अर्थ लिहायचे. दुसऱ्या दिवशी तेच शब्द सरांच्या तोंडून ऐकले की अर्धी भीती जाते. बाकी कुठल्याही उपायापेक्षा हा जास्त चालतो असं मी बघितलंय, आणि याला पैसा लागत नाही.

प्रश्न विचारायची रंगीत तालीम घरी करा. वाक्य तयार द्या: "सर, कालच्या लेक्चरमधला हा भाग मला कळला नाही, तुम्हाला कधी भेटू?" मराठीत विचारलं तरी चालतं, आपल्या कॉलेजांतले बहुतेक शिक्षक मराठी-कोंकणी बोलणारेच असतात.

आणि तुम्ही दर रविवारी दहा मिनिटं फोन करा. "अभ्यास कसा चाललाय" असं विचारू नका, त्याला उत्तर "बरा" एवढंच येतं. विचारा, "या आठवड्यात कुठलं लेक्चर अजिबात कळलं नाही?" "जेवायला कुणाबरोबर बसतोस?" एकटाच बसतो असं दोन रविवार ऐकू आलं तर त्याला एखाद्या गोष्टीत घाला, एनएसएस, खो-खो, नाटक, काहीही. कॉलेजमध्ये एक मित्र असलेलं पोर सहज सोडत नाही.

सावधान: कुणी त्रास देत असेल तर अँटी रॅगिंगची देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. पोर झोपत नाही, खात नाही, बोलत नाही असं वाटलं तर टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे. दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर.

टप्पा ८: पहिला निकाल

निकालाच्या दिवशी तुम्ही फोन करायचा, त्याच्या फोनची वाट बघायची नाही. एखाद्या विषयात राहिला असेल तर पोर गप्प होतं, घरी सांगत नाही, आणि मनात ठरवतं की कॉलेज आपल्यासाठी नाही. शिकलेल्या घरात काका हसून सांगतो, "मला पण एटीकेटी लागली होती." आपल्या पोराला हे सांगणारं घरात कुणी नाही, तेव्हा ते तुम्ही सांगायचं. एका विषयात राहणं म्हणजे वर्ष फुकट नाही आणि कॉलेज संपलं असंही नाही.

त्याच आठवड्यात क्रमानं: मार्क कुठे गेले ते बघा, आयएसएमध्ये की शेवटच्या पेपरात. पेपर चांगला गेला होता अशी खात्री असेल तर रीव्हॅल्युएशनची शेवटची तारीख बघा, ती लगेच असते. राहिलेल्या विषयाच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो ते ऑफिसात विचारून वहीत लिहा, हा फॉर्म आपोआप भरला जात नाही. मग त्या विषयाच्या शिक्षकांना भेटायचं. आई-बाबांना पोरानंच सांगायचं, तुम्ही बाजूला बसा.

आणि खरंच थांबावं लागलं, बाप आजारी पडला, घरात कमावणारं कुणी राहिलं नाही, तर नुसतं जायचं बंद करू नका. ऑफिसात जाऊन लेखी कळवा. आताच्या पद्धतीत पहिलं वर्ष आणि त्याला जोडून सांगितलेलं काम पूर्ण केलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येऊन जास्तीत जास्त सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची सोय यूजीसीच्या आराखड्यात आहे. न सांगता सुटलेल्या पोराला परत कुठून सुरू करायचं हेच सापडत नाही. सांगून थांबलेलं परत येतं, अशी दोन मुलं माझ्याच ओळखीत आहेत, त्यातली एक आता शेवटच्या वर्षाला आहे.

टप्पा ९: दुसरं, तिसरं वर्ष आणि डिग्रीचा कागद

इथे थोडक्यात, कारण पहिलं वर्ष नीट गेलं की पोर बरंचसं स्वतः करतं.

स्कॉलरशिपचं रिन्यूअल दर वर्षी करावं लागतं. लोक पहिल्या वर्षी मिळाली म्हणून बेफिकीर राहतात. सेंट्रल सेक्टरच्या रिन्यूअलला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के अटेंडन्स लागते. उत्पन्नाचा दाखला परत नवा.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप शोधायची वेळ येते तेव्हा शहरातल्या मुलांचे काका-मामा कुठल्यातरी ऑफिसात असतात, आपल्या पोराचे नसतात. इथे तुमची ओळख वापरा, लाजू नका, पंचायत असो, क्रेडिट सोसायटी असो, सीएचं ऑफिस असो, फोन करून विचारा. मुलाखतीला मात्र त्याला एकट्याला पाठवा.

तिसऱ्या वर्षी चौथं वर्ष करायचं की थांबायचं ते दिवाळीच्या आधी ठरवा. तीन वर्षांनंतर डिग्री मिळतेच, चौथ्याला ऑनर्स. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर रिसर्चसह ऑनर्सचा विचार होऊ शकतो. पुढे एमए-एमएस्सी करायचं पक्कं असेल तर चौथं वर्ष केल्यावर ते एका वर्षाचं होऊ शकतं, नोकरीची गरज असेल तर तीनला थांबा आणि त्यात कमीपणा मानू नका.

शेवटचं सेमिस्टर सुरू होताना ऑफिसात जाऊन विचारा, "माझं कुठल्या सेमिस्टरचं काही बाकी आहे का?" पहिल्या वर्षाचा एखादा छोटा विषय राहून गेलेला असतो, पोराला वाटतं सुटला, आणि शेवटी डिग्री अडकते. डिजिलॉकरमध्ये सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट दिसतायत का ते बघा. शेवटच्या निकालानंतर पदवीदानाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्यासाठी नोटीस बघत राहा. कागद हातात आला की काउंटर सोडायच्या आधी नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी अक्षर-अक्षर जुळवून बघा, चूक असेल तर तिथेच अर्ज द्या. मग दोन स्कॅन, एक मुलाच्या ईमेलवर आणि एक तुमच्या, आणि ओरिजिनल लॅमिनेट करायचं नाही, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पावसाचं पाणी येत नाही अशा कपाटात.